पडद्याआडचं भांडण

बायकांच्या हाडांच्या वॉर्डात मावशी आणि मामा यांचं हाडवैर आहे, असं तिथल्या बावीसही खाटांनी शपथेवर सांगितलं असतं.

मावशी म्हणजे वॉर्डातली आया आणि मामा म्हणजे वॉर्डबॉय. रुग्णालयात सगळ्या आयांना मावशी आणि सगळ्या वॉर्डबॉयना मामा म्हणायची रीत असते, मग तो मामा पंचविशीचा का असेना. हा मामा मात्र निवृत्तीला टेकलेला, बुटका आणि चेहऱ्याने इतका गरीब की डास मारायच्या आधीही त्याची परवानगी काढेल. मावशी बावन्न वर्षांची, अंगाने आडवी. तिसऱ्या मजल्यावर ती बोलली की तळमजल्यावर लिफ्टची वाट बघणाऱ्यांना विषय कळायचा. या दोघांची दिवसातून तीन-चार वेळा तरी जुंपायचीच. फिनेलची बाटली उघडी कोणी ठेवली, स्ट्रेचरचं चाक कोणी बिघडवलं, कारण काहीही चालायचं. बादली कुठे गेली यावरून एकदा दोघं सात मिनिटं भांडली, आणि बादली सगळा वेळ दोघांच्या मधोमध ठेवलेली होती.

पेशंट बायकांना ही फुकटची करमणूक होती. पहिला आवाज चढला की सगळ्या माना दाराकडे वळायच्या. ज्यांच्या मानेला पट्टा होता त्या शेजारणीला विचारायच्या, काय गं, काय म्हणाला तो? माना एकदा दाराकडे वळल्या की मावशीचं काम झालं.

आता इथे लाजून भागणार नाही, स्पष्टच सांगायला हवं. कंबर किंवा मांडी मोडलेल्या माणसाला संडासापर्यंत जाता येत नाही. जे काही करायचं ते खाटेवर, बेडपॅनमध्ये. भोवती चाकांचा हिरवा पडदा ओढतात, पण पडदा फक्त डोळ्यांना लावता येतो, कानांना लावता येत नाही. आणि पोट काही मुकं नसतं. चार हातांवर शेजारीण पडलेली, तिला भेटायला आलेले पाहुणे बसलेले, अशा वेळी भली भली बाई दात आवळून धरते. मग पाणी प्यायचं सोडते, जेवण परत पाठवते, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर 'भूक लागत नाही' असं लिहून टॉनिक देतात. टॉनिक पोटात जातं, पण बाहेर यायचं ते आतच राहतं.

मावशीचा यावरचा उपाय कुठल्या पुस्तकात नव्हता. पडद्याआड जाण्याआधी ती खाटेच्या दांडीवर बोटाने टकटक करायची, दारावर करावी तशी. थंड भांडं अंगाला लागून माणूस दचकू नये म्हणून ते गरम पाण्याखाली धरून पुसून आणायची आणि काठावर चिमूटभर पावडर टाकायची. चादर कंबरेपासून गुडघ्यापर्यंत असायचीच. तिचा एकच काठ उचलला जायचा, तोही मावशीने दुसरीकडे बघत. 'झालं का?' हे दोन शब्द तिने एकवीस वर्षांत तोंडातून काढले नव्हते. ती खाटेच्या पायथ्याशी, पेशंटकडे पाठ करून, पडद्याच्या फटीत उभी राहायची. काम उरकलं की मागून तिच्या एप्रनचं टोक ओढायचं, एवढंच. आणि त्या फटीतून दारातल्या मामाकडे बघून ती सुरू व्हायची, "कुठे उलथला होतास रे इतका वेळ?"

ही विद्या तिला सासूने दिली होती. सासू म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई अशी सगळ्या गल्लीत ख्याती. तिला अर्धांगाचा झटका आला आणि दीड खोलीच्या घरात ती तीन वर्षं अंथरुणाला खिळली. मधे भिंत नव्हतीच, एक कापड टांगलेलं होतं. कापडापलीकडे मुलगा, जावई, शेजारीपाजारी कोणी ना कोणी बसलेलं असायचं. भांडं लावलं रे लावलं की म्हातारी सुनेला शिव्या द्यायला लागायची. आळशी, भवानी, माझ्या घराला लागलेली कीड. मावशी तेव्हा नवीन होती. भांडं धुताधुता रडायची, म्हणायची, मी हिची घाण काढते आणि ही माझी लाज काढते. सहा महिन्यांनी तिच्या डोक्यात उजेड पडला. घरात कोणी नसलं की म्हातारी एक शब्द बोलत नव्हती. उलट एकदा हळूच म्हणाली होती, तुझे हात मऊ आहेत गं. त्या दिवसापासून सूनही तोडीस तोड उत्तरं द्यायला लागली आणि दोघींचं छान जमलं. म्हातारी गेली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटलीस बाई एकदाची. मावशीने नुसती मान डोलावली. खरं सांगितलं असतं तर म्हातारीने तीन वर्षं जे झाकलं ते उघडं पडलं असतं.

वॉर्डात मामाला तयार करणं मात्र जिकिरीचं होतं. त्याचा स्वभावच भांडणाला नालायक. मावशीने पहिलं वाक्य फेकलं की हा म्हणायचा, "बरं, चुकलं माझं," आणि भांडण जागच्या जागी मरायचं, तेही ऐन मोक्याला. मावशीने त्याला ऑक्सिजनच्या सिलिंडरांच्या खोलीत नेऊन शिकवणी दिली. माफी मागायची नाही. मुद्दा सोडायचा नाही. आठवेनासं झालं तर माझ्या माहेरावर यायचं. तो खिशात चिठ्ठीवर विषय लिहून आणायला लागला. पुढे पुढे तर त्याला इतकी गोडी लागली की घरीही जरा आवाज काढून बघावा असं त्याच्या मनात आलं. काढलाही एकदा, पण घरची बाई खरी भांडणारी निघाली.

दोघांचा चहासुद्धा चोरून, त्याच सिलिंडरांच्या खोलीत. वैर दिसायला हवं ना. त्यावरून वर्षभर वेगळीच कुजबुज चालली होती, पण मावशी म्हणायची, असू दे, त्या निमित्ताने तरी मला कोणी तरुण समजतंय. फक्त एक गोष्ट तिने मामाकडून वदवून घेतली होती. हे कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही. ज्या दिवशी वॉर्डाला कळेल की मावशी भांडते म्हणजे पडद्याआड कोणीतरी बसलंय, त्या दिवसापासून ते भांडण राहणार नाही, दवंडी होईल.

असं सगळं बिनबोभाट, म्हणजे भरपूर बोभाट्यासकट, चाललेलं असताना चौदा नंबरच्या खाटेवर मोठ्या बाई आल्या.

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं शाळेत, त्यातली पंधरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. घरच्या न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. पायाला वजनं टांगलेली, लघवीला नळी लावलेली, तरी उशीवर डोकं असं की जणू सगळा वॉर्ड प्रार्थनेला उभा आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीला सांगितलं की मी आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला नाही, आणि माझ्यासमोर कोणी चढवलेला मला चालणार नाही. मावशी म्हणाली, हो बाई. दहाच मिनिटांत सहा नंबरला गरज लागली आणि फिनेलवरून रण पेटलं.

बाईंनी वही मागवली. वहीत रूळ लावल्यासारखे रकाने पाडले: वार, वेळ, विषय, शेरा. सोमवार, सात चाळीस, बादली, निष्कारण. सोमवार, अकरा दहा, पुन्हा बादली, असभ्य. मंगळवार, मावशींचे माहेर, अत्यंत असभ्य. पाच दिवसांत वीस भांडणं झाली. शनिवारी सकाळी रुग्णालयाच्या कार्यालयातला कारकून त्यांना भेटायला आला. तो त्यांचा जुना विद्यार्थी. स्वतःला टक्कल पडलं होतं, पण बाईंपुढे दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. बाईंनी तक्ता आणि वर सुवाच्य अक्षरात तक्रार अर्ज त्याच्या हातात दिला. नववीत गृहपाठ कधी वेळेवर न दिलेल्या त्या माणसाने हा अर्ज अर्ध्या तासात अधीक्षकांच्या टेबलावर पोचवला.

आणि त्याच दुपारी बाईंची वेळ आली.

नळी सकाळीच काढली होती. पाच दिवस पोट साफ नव्हतं, म्हणून औषधही दिलेलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, पण त्या छताकडे बघत राहिल्या. मावशीने दांडीवर टकटक केली, भांडं कापडाखाली झाकून आत आणलं. बाई म्हणाल्या, नको. मावशी म्हणाली, बरं, आणि तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना ऐकू जाईल हो."

"माझ्यापुढे इथे कोणाचं काय ऐकू येतं?" मावशी म्हणाली.

वजनं लावलेल्या पायामुळे बाईंना एकटं सोडणं शक्य नव्हतं. कमरेखाली हात घालून धरून ठेवावं लागणार होतं. त्यामुळे या वेळी मावशीची पाठ नव्हती, तोंड होतं, बाईंच्या तोंडापासून वीतभर. तिने मान वळवून पडद्यावरून आवाज टाकला, की थर्मामीटर फोडून वर तोंड करून उभा राहतोस, लाज वाटते का मेल्या? दारातून मामा गरजला की तुमच्या माहेरी थर्मामीटर पाहिलं होतं का कधी कोणी? मग काय विचारता. बाईंना दिसत होतं ते असं: तोंडातून ठिणग्या उडताहेत आणि डोळे अगदी शांत, कमरेखालचा हात जरासुद्धा हलत नाही, आणि मामाच्या साती पिढ्या उद्धरताना मधेच मावशीने त्यांना एक डोळा मिचकावला.

सगळं आवरल्यावर बाईंनी वही उघडली, तक्त्याची कच्ची प्रत वरून खाली वाचली आणि विचारलं, "वीसच्या वीस?"

"एकोणीस," मावशी म्हणाली. "स्ट्रेचरचं खरं होतं. तिथे तो खरंच चुकला होता."

बाईंनी वही मिटली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायची सवय नसल्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही. त्यांनी ताबडतोब कारकुनाला बोलावून घेतलं. पण कागदाला आवक क्रमांक पडला होता. तो म्हणाला, बाई, अर्ज मागे घेता येतो, पण कारण लेखी द्यावं लागतं, ते कारण फायलीला लागतं, आणि फाईल चार टेबलांवरून फिरते. बाईंनी मावशीकडे पाहिलं. त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मावशीने नुसती मान हलवली, नाही म्हणून. चार टेबलं म्हणजे चार टेबलांच्या घरच्या बायका, आणि त्यातली एखादी उद्या याच वॉर्डात पडणार.

सोमवारी आदेश आला. चौकशी होईपर्यंत मामाची अपघात विभागात रवानगी. मावशीची चौकशी गुरुवारी अकराला, दोषी ठरल्यास तळघरातल्या धुलाई विभागात बदली. मावशीला मेमोचं भय नव्हतं. धुलाईचं होतं. तिथे फक्त यंत्रं आणि चादरी. चादरीला लाज नसते आणि मऊ हाताचं कौतुकही नसतं. एकवीस वर्षं ज्या कामाने तिला सकाळी उठावंसं वाटायचं ते काम जाणार, या विचाराने तिला दोन दिवस घास उतरला नाही. ती भांडलीही नाही. वॉर्ड चिडीचूप झाला आणि जेवणाची ताटं भरलेली परत जायला लागली.

गुरुवार उजाडला. पंधरा नंबरला, बाईंच्या शेजारीच, बसची कंडक्टर असलेली एक मुलगी होती. चालत्या बसच्या पायरीवरून पडून तिची कंबर मोडली होती. साठ प्रवाशांना एका हाकेत मागे सरकवणारी ही मुलगी वॉर्डात आल्यापासून कुजबुजत बोलायची. एक्स-रेसाठी पोट रिकामं हवं म्हणून साडेदहाला तिला एनिमा दिला. चौकशीला अधीक्षक साहेब वॉर्डातच अकराला यायचे, म्हणजे तोवर सगळं निपटलं असतं. पण साहेब लोक वेळेवर न येण्यासाठी प्रसिद्ध असतात आणि हे पावणेअकरालाच आले. बरोबर फाईल घेऊन कारकून.

"मावशी, आता थांबवत नाही," मुलगी म्हणाली.

मावशीने पडदा ओढला, भांडं लावलं. बाहेर अधीक्षक बाईंच्या खाटेशी येऊन उभे राहिले होते, पडद्यापासून तीन हातांवर. आतून मावशीने कळवलं की पाच मिनिटांत येते. ते म्हणाले, आम्ही थांबतो. आणि थांबले. चौकशीत काय होतं ते ऐकायला बावीस खाटांनी श्वास रोखून धरलेले. टाचणी पडली असती तरी कोणत्या बाजूने पडली ते कळलं असतं. मुलीने ओठ चावला, दोन्ही मुठी आवळल्या, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

मावशीला फक्त गप्प बसायचं होतं. पाच मिनिटं गप्प बसली असती तर नोकरी आहे तिथे राहिली असती. तिने फटीतून डोकं बाहेर काढलं, रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि ओरडली, "अरे ए, बादली कुठे घातलीस?"

दारात कोणी नव्हतं. अधीक्षकांनी चष्मा वर केला. मावशीने दुसरं वाक्य टाकलं, तिसरं टाकलं, पण भांडणाला दुसरं माणूस लागतंच, भिंतीशी किती वेळ भांडणार? आवाज पडायला लागला. अधीक्षकांनी खिशातून पेन काढलं.

"तोंड आहे का भोंगा?"

कोण बोललं ते आधी कोणाला कळेना. मोठ्या बाई कोपरावर उठल्या होत्या. चौतीस वर्षांत न वापरलेला आवाज पहिल्या वाक्याला फाटला, दुसऱ्याला लागला. "सकाळपासून किटकिट लावलीय. आया आहेस का मेली अवदसा?"

मावशी एक क्षण थिजली. मग तिला कळलं. "अवदसा कोणाला म्हणता? स्वतःला आरशात बघा!"

"काढ, आरसा काढ, तुझंच थोबाड दाखवते आधी!"

वॉर्डाने आ वासला. अधीक्षक मधे पडून म्हणाले, बाई, शांत व्हा, तर बाई त्यांच्यावरच घसरल्या. तुम्ही कोण हो टिकोजीराव? खुर्ची दिसत नाही? उंटासारखे काय उभे राहिलात माझ्या उशाशी? कारकून काकुळतीला येऊन म्हणाला, बाई, मी. त्या म्हणाल्या, तू तर बोलूच नकोस, नववीत पायथागोरसाला रडवलंस तू. आणि हाताला लागला तो स्टीलचा पेला त्यांनी फरशीवर असा आपटला की तो खणखणत थेट दारापर्यंत गेला. पेल्याची वेळ इतकी अचूक होती की पडद्याआड मावशीने मनातल्या मनात हात जोडले.

चार मिनिटं हे रण चाललं. मग मावशीच्या एप्रनचं टोक मागून ओढलं गेलं. "बरं बाई, चुकलं माझं," मावशी म्हणाली, आणि बाई तिथल्या तिथे थांबल्या. उशीवर पडल्या. त्यांचा घसा बसला होता.

अधीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. ते कारकुनाला म्हणाले, लिहा. अर्जदार स्वतःच अत्यंत भांडखोर वृत्तीच्या असल्याचे समक्ष दिसून आले. कर्मचाऱ्याने शेवटी माफी मागून संयम दाखवला. तक्रारीत तथ्य नाही, अर्ज दप्तरी दाखल. मामाला परत पाठवा. कारकून लिहीत होता, पण त्याचं लक्ष बाईंकडे होतं. ज्यांचं नाव घेऊन तो आपल्या मुलांना वळण लावत आला त्या बाई या, हे त्याला पटत नव्हतं, आणि कोणी समजावून सांगणारही नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ते त्यांना लागलं होतं. मावशीला स्वच्छ दिसलं.

दुपारी कंडक्टर मुलगी एक्स-रेहून परतली. चेहरा मोकळा झाला होता, दोन बिस्किटंही खाल्ली. मावशी चादर सारखी करायला वाकली तशी ती तिच्या कानाशी लागली.

"मावशी, माझी खाट दुसरीकडे घ्या ना. ही बाई भयंकर आहे. शिकलेली असून काय ती भाषा! मला भीती वाटते तिच्या शेजारी."

मावशीने तोंड उघडलं. पलीकडे बाईंनी डोळे मिटलेलेच ठेवून तर्जनी ओठांवर ठेवली. मावशीने तोंड मिटलं आणि वाकून खाटेच्या चाकांचा ब्रेक काढला.

खाट हलली तशा बाई बसलेल्या आवाजात, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ने, ने. कटकट गेली एकदाची."

मुलीने नाक मुरडलं. मावशीला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि दोन्ही दिसू नये म्हणून तिने मान खाली घालून खाट ढकलायला सुरुवात केली.